पाच मृत्यू, चार कविता

सॅम्युएल ब्रॅडस्ट्रीट हा बॉस्टनमधला डॉक्टर. हार्वर्डमध्ये शिकलेला, नंतर चारेक वर्षं इंग्लंडला राहून परत आलेला. ऑगस्ट 1665 मध्ये त्याची दीड वर्षाची मुलगी एलिझाबेथ गेली. 20 जून 1669 ला दुसरी मुलगी ॲन गेली, वय तीन वर्षं सात महिने. त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला मुलगा सायमन गेला, वय एक महिना एक दिवस. आणि सप्टेंबर 1670 मध्ये बायको मर्सी बाळंतपणात गेली. तिला अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं. दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं ते बाळही जगलं नाही. पाच वर्षांत पाच मृत्यू.

यातली बरीचशी माहिती कवितांच्या शीर्षकांतून मिळते. सॅम्युएलच्या आईने, म्हणजे ॲन ब्रॅडस्ट्रीटने, या मृत्यूंवर चार विलापिका लिहिल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव, नातं, तारीख, वय असं सगळं नोंदवून ठेवलं. महिन्यापर्यंत, एके ठिकाणी दिवसापर्यंत. आत कवितेत मात्र मूल फारसं दिसत नाही. त्याचे डोळे, हसणं, बोबडं बोलणं, काहीच नाही. फूल आहे, कळी आहे, देव आहे. आजचा वाचक पहिल्यांदा इथेच अडखळतो. आजीने नातवंडांवर लिहिलंय ना, मग नातवंडं कुठे आहेत?

ॲन ब्रॅडस्ट्रीटबद्दल थोडक्यात. जन्म 1612, इंग्लंडमधला. सोळाव्या वर्षी लग्न. 1630 मध्ये आई-वडील आणि नवऱ्याबरोबर जहाजाने मॅसॅच्युसेट्सला आली, आठ मुलांची आई झाली. 1650 मध्ये तिच्या कवितांचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं, तेही मेव्हण्याच्या खटपटीने. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींमधून छापील कवितासंग्रह आला तो पहिला तिचाच. त्या पुस्तकात जगाचा इतिहास, चार ऋतू, चार मूलतत्त्वं असे भारदस्त विषय आहेत. खरं सांगायचं तर आज ते वाचताना दम लागतो. आज तिला ज्या कवितांसाठी वाचलं जातं, त्यातल्या बऱ्याच तिच्या मृत्यूनंतर, 1678 मध्ये बॉस्टनला निघालेल्या आवृत्तीत आल्या. या घरगुती कवितांच्या आधी तिथे एक टीप आहे: या रचना तिच्या कागदपत्रांत सापडल्या, त्या लोकांसमोर याव्यात असं तिच्या मनात कधीच नव्हतं. या चार विलापिका त्यांतल्याच.

ही टीप महत्त्वाची आहे, कारण त्या काळी न्यू इंग्लंडमध्ये विलापिका हा बराच सार्वजनिक मामला होता. कोणी मोठा माणूस गेला की पद्य रचलं जाई, काळ्या चौकटीत, कवटी आणि हाडांच्या चित्रांसह एका पानावर छापलं जाई, अंत्ययात्रेत वाटलं जाई. त्याचा साचा पक्का होता. पुढे 1722 मध्ये सोळा वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने टोपणनावाने या साच्याची यथेच्छ टिंगल केली. न्यू इंग्लंडची विलापिका कशी बनवावी, याची त्याने चक्क पाककृती दिली: एखादी नुकती मेलेली व्यक्ती घ्या, तिचे सद्गुण घाला, कमी पडले तर इतरांचे उसने आणा, वर दुःखी शब्दांची पेरणी करा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे तयार फोटो फॉरवर्ड होताना रोज पाहणाऱ्या आपल्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

ब्रॅडस्ट्रीटच्या कविताही साच्यातल्याच आहेत, हे आधी मान्य करून टाकू. फूल, बुडबुडा, काच, सावली या प्रतिमा तिने शोधलेल्या नाहीत, आणि शेवटी मृत व्यक्ती स्वर्गात सुखी आहे हे सांगायचं असतं, ते तीही सांगते. पण या चार कविता सुट्या न वाचता ओळीने वाचल्या, तर आणखी काही दिसतं. कोडच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून आपण काय बदललं ते बघतो, तशा मी त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. निष्कर्षाची जागा चारही कवितांत जवळपास तीच आहे. त्याच्या आधीचं सगळं बदलत जातं.

पहिली कविता, 1665. सात-सात ओळींची दोन कडवी. प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या तीन ओळी एकाच यमकाच्या, आणि अगदी शेवटची ओळ इतरांपेक्षा जराशी लांब. रचना घट्ट, शांत. पहिल्या कडव्यात बाळाला निरोप आहे. दुसऱ्यात एक युक्तिवाद आहे, आणि तो मला फार विलक्षण वाटतो. निसर्गाचा नियम ती आधी मांडते: झाडं वाढून वाढून कुजतात, फळं पूर्ण पिकली की पडतात, धान्य आणि गवत हंगाम आला की कापलं जातं, उंच आणि बळकट असेल त्याला काळ खाली आणतो. इथपर्यंत चार ओळी. मग येतो ‘पण’. नुकतं लावलेलं रोप उपटलं जाणं, नुकती उमललेली कळी गळणं, हे या नियमात बसत नाही. मग हे कोणाचं काम? एकट्या देवाच्या हाताचं.

बग शोधताना आपण एकेक शक्यता वगळत जातो आणि उरतं ते कारण ठरतं. इथेही तेच चाललंय. वरवर पाहता ही देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणारी कविता आहे. पण तिने सिद्ध काय केलं? हा मृत्यू नैसर्गिक नव्हता, आणि तो कोणी केला हे आपल्याला ठाऊक आहे. सांत्वन आणि आरोप, दोन्हींचं वाक्य एकच. ते तिला आरोप म्हणून म्हणायचं होतं की नाही, यावर अभ्यासकांची बरीच शाई खर्ची पडली आहे. त्या वादाकडे पुढे येतो.

दुसरी कविता चार वर्षांनंतरची. गेलेली नात तिच्याच नावाची, म्हणजे कवितेच्या शीर्षकात कवयित्रीने स्वतःचंच नाव मृत म्हणून लिहिलं आहे. पहिल्या कवितेत हात होता तो देवाचा. इथे सुरुवातीलाच तिचा स्वतःचा हात येतो, लिहिताना थरथरणारा. आणि राग स्वतःवर आहे. आधीच्या अनुभवाने शहाणपण यायला हवं होतं, वस्तूंची खरी किंमत कळायला हवी होती, असं ती म्हणते. हा आधीचा अनुभव कोणता? त्यात एलिझाबेथ आलीच. म्हणजे दुसरी कविता पहिलीकडे मागे वळून बघते आहे, आणि पहिलीतला निष्कर्ष पुरला नाही हेही कबूल करते आहे.

इथे एक शब्द बघण्यासारखा आहे. एलिझाबेथच्या कवितेत मूल हे थोडा काळ उसनं मिळालेलं फूल होतं. तिथे ‘उसनं’ हा शब्द सहज, सजावटीसारखा आला होता. ॲनच्या कवितेत तो पुन्हा येतो आणि आता टोचतो: उसनं होतं ते स्वतःचं समजले, किती मूर्ख मी. पुढच्या कवितांत हा हिशेब चालूच राहतो. तिसरीत देव आपलं नुकसान भरून देईल, असं आश्वासन आहे. चौथीत मुलाने किती संपत्ती गमावली ते आहे, आणि शेवटचं बाळ म्हणजे मरणाऱ्या आईने ठेवलेलं तारण. उसनं, किंमत, नुकसान, भरपाई, संपत्ती, तारण. व्यापारी वसाहतीतल्या धार्मिक माणसांची ही भाषा होती, त्यामुळे शब्दांत नवल नाही. नवल हे की जमाखर्चाची ही वही कुठल्याच कवितेत जुळत नाही, आणि तरी ती प्रत्येक वेळी नव्याने उघडते.

तिसरी कविता सर्वांत छोटी, फक्त बारा ओळी. ॲन जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. महिनाभराचं बाळ. त्याची ओळख होते न होते तोच निरोप, असं ती सुरुवातीला म्हणते, आणि मग तिन्ही फुलं एकत्र मोजते: दोन जेमतेम उमललेली, तिसरी कळीच. तो हात पुन्हा येतो, या वेळी खुडणारा. आणि ज्या ओळीत खुडणं आहे, त्याच ओळीच्या उरलेल्या भागात तो तरीही चांगला आहे, असं विधान आहे. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

यानंतर ‘मी’ नाहीशी होते आणि ‘आपण’ येतो. आपण गप्प राहू या. का केलंस, असा वाद घालायला नको. तोंड धुळीत टेकवू या. आणि मग, तो न्यायी आहे तसाच दयाळूही आहे, असं म्हणू या. धुळीत टेकलेलं तोंड बायबलमधल्या विलापगीतांतून आलं आहे, आणि तिथे त्या वाक्यापुढे ‘कदाचित आशा असेल’ असं आहे. ब्रॅडस्ट्रीट तो ‘कदाचित’ उचलत नाही. पण तिने रचलेला क्रमच बघा: आधी मुके व्हा, मग तोंडात माती, मग बोला. धुळीत तोंड असलेला माणूस बोलणार कसा?

आणि बोलायचं ते कसं, हेही बघा. देव दयाळू आहे, असं ती थेट म्हणत नाही. तसं आपण म्हणू या, असं म्हणते. मराठीत हे क्रियापद मोठं गमतीचं आहे. ‘चला, म्हणू या’ यात एकत्र प्रार्थना करण्याचं आवाहन आहे. ‘समजा, असं म्हणू या’ यात, खरं काहीही असो, पुढे जाण्यापुरतं धरून चालू, असा सूर आहे. सतराव्या शतकातल्या तिच्या इंग्रजीत पहिला अर्थच मुख्य आहे, दुसरा तिच्यावर लादणं धोक्याचं. तरीही आवाहन हे विधान नसतं, एवढं नक्की. जे आपोआप तोंडी येतं, ते म्हणण्यासाठी कोणी कोणाला हाक देत नाही. (सुनेचं नाव मर्सी, म्हणजे दया. तिन्ही मृत मुलांच्या आईचं नाव. देव दयाळू आहे म्हणताना ते घरात ऐकू येत असणारच. योगायोग म्हणून सोडून द्या हवं तर.)

आता तो वाद. गेल्या काही दशकांतलं ब्रॅडस्ट्रीटबद्दलचं बरंच लेखन दोन तटांत विभागता येतं. एका बाजूचे म्हणतात, ती सच्ची प्युरिटन. शंका येते, झगडा होतो आणि शेवटी श्रद्धा जिंकते. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आत बंडखोर बाई आहे, धार्मिक ओळी हा बुरखा. आपल्या पिढीला दुसरं वाचन आवडतं. मलाही आवडायचं. बाईने तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी देवाला गुपचूप टोमणा मारला, याची पोस्ट छान होते.

पण या वाचनात तिची अडचणच नाहीशी होते. देव खोटा आहे असं मनातून ठरवलं असतं, तर भांडण उरतंच कुठे? नातवंडं आजाराने गेली, एवढंच. शंका तिला परकी नव्हती. मुलांसाठी लिहून ठेवलेल्या एका गद्य मजकुरात तिने स्पष्ट लिहिलंय की धर्मग्रंथ खरे आहेत का, देव आहे तरी का, असे प्रश्न तिला अनेकदा छळत. हे तिने लपवलं नाही, मुलांना सांगितलं. मग विलापिकेत तिला बुरखा कशाला लागावा? तिच्यापुढचा पेच वेगळा आहे. ज्याने दिलं, ज्याने नेलं आणि ज्याच्याकडे रडत जायचं, तो एकच आहे. दुसरं कार्यालय नाही.

आणि स्वर्गाची खात्री हीसुद्धा तेव्हा फुकट मिळणारी गोष्ट नव्हती. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलं आहे, अशी प्युरिटनांची शिकवण. तान्ही मुलंही त्यातून सुटत नव्हती. 1662 मध्ये मायकेल विगल्सवर्थची अंतिम न्यायाच्या दिवसावरची दीर्घकविता निघाली आणि घराघरात पोचली. तीत मेलेली अर्भकं देवापुढे आपली बाजू मांडतात, आमचा दोष काय म्हणून विचारतात, आणि त्यांना नरकातच, पण जरा कमी त्रासाची जागा मिळते. हे पुस्तक आलं आणि तीन वर्षांनी एलिझाबेथ गेली. तेव्हा नात शाश्वत सुखात आहे असं आजी लिहिते, त्यात आज दिसतो त्याहून जास्त हट्ट आहे. साच्यातली म्हणून आपण वाचायची टाळतो, नेमकी त्या ओळीत तिची सगळी पुंजी लागली आहे.

तुलनेसाठी एडवर्ड टेलरकडे बघा. वेस्टफील्ड गावचा पाद्री, थोडं वैद्यकही करणारा, ब्रॅडस्ट्रीटनंतरच्या पिढीतला. त्याच्या पहिल्या बायकोच्या आठ मुलांपैकी पाच लहानपणीच गेली. लग्न आणि मुलांचे मृत्यू यांवरच्या त्याच्या कवितेतही बाग आहे, फुलं आहेत, फुलं नेणारा हात आहे. पण एका मुलाच्या आजारपणाशी तो थांबतो. सहा आठवड्यांचा ताप, उलट्या, किंकाळ्या. ते वाचवत नाही. आणि तरी त्याचा शेवट ब्रॅडस्ट्रीटपेक्षा कितीतरी ठाम आहे. मुलांच्या रूपाने मीच तुकड्यातुकड्याने स्वर्गात पोचतोय, असं तो म्हणतो. म्हणजे शरीराचा तपशील आला की श्रद्धा डळमळते आणि साचा आला की माणूस खोटं बोलतो, ही आपली समजूत इथे टिकत नाही. टेलरपाशी तपशील आहे आणि खात्रीही आहे. ब्रॅडस्ट्रीट तपशील झाकते, आणि तिची खात्री प्रत्येक मृत्यूबरोबर जास्त कष्टाने येते. मला दोघांत ब्रॅडस्ट्रीट जवळची वाटते. टेलरचा शेवट मला थोडा भीतिदायक वाटतो.

चौथी कविता सुनेवरची, आधीच्या सर्वांत लांब कवितेच्या जवळजवळ दुप्पट. इथे ती तपशीलही झाकत नाही. आठवडाभराच्या यातना आहेत, वेळेआधी आलेलं बाळ आहे, नवऱ्यावर जिवापाड प्रेम करणारी सून आहे. सुरुवातच या प्रश्नाने होते की मी अजून जगते कशी, आणि ही गाणी लिहायला मीच का उरले. मग झाड येतं. आतापर्यंतच्या तिन्ही कवितांत रोपं, फळं, फुलं, कळ्या होत्या, आणि ती बाजूला उभी राहून बघत होती, सिद्धान्त मांडत होती. आता फांद्या छाटल्या गेल्यावर झाडच कोसळतं. ती इतकी जवळ उभी आहे की ते तिच्या अंगावर येतं. चिरडलेलं काळीज मुळाशी पडून हुंदके देतंय. पहिल्या कवितेत, उंच आणि बळकट ते काळाच्या ओघात पडतं, असा नियम मांडणाऱ्या बाईवर अकालीच झाड पडलं आहे, आणि तो नियम इथे कुठेच नाही.

ही कविता मुळात देवाशी बोलतच नाही. ती मुलाला लिहिलेली आहे. सॅम्युएल त्या वेळी समुद्रात, परक्या किनाऱ्याकडे निघालेल्या जहाजावर होता. आपलं काय गेलंय हे त्याला माहीत नव्हतं. हा भाग मला सर्वांत कठीण जातो. बातमी पोचायला किती आठवडे लागतील सांगता येत नाही, तोवर त्याच्या लेखी बायको जिवंत. मेसेज पोचला की नाही हे एका खुणेवरून कळण्याची सवय असलेल्या आपल्याला ही मधली जागा कल्पनेनेच भरावी लागते. आईला सगळं ठाऊक आहे, मुलाला काही नाही, आणि ती त्याच्या दुःखाची तयारी करून ठेवते आहे. तुझ्या दुःखात माझाही वाटा आहे, मी मुलगी गमावली आणि तू बायको, असं सांगते. ‘सून’ म्हणत नाही, ‘मुलगी’ म्हणते.

मर्सी आणि तिची चार मुलं आता विसावली आहेत, असं सांगताना ती कंसात दोन शब्द टाकते. तसा माझा विश्वास आहे, या अर्थाचे. पहिल्या कवितेत एलिझाबेथच्या शाश्वत सुखाबद्दल असा कंस नव्हता. पाच वर्षांनी तो लागला. याला कोणी नास्तिकपणा म्हणू नये. पण तो कंस आहे, आणि तिने तो ठेवला.

शेवटाकडे ती मुलाला धीर देते. ज्याने हे सारं दुःख दिलं त्याच्यातच सांत्वन शोध, असं म्हणते. तिसऱ्या कवितेतला पेच आता एका वाक्यात, लपवाछपवी न करता. मात्र या कवितेचा शेवट समजून घ्यायचा तर ‘तू आणि मी’ ही जोडी दोनदा कुठे येते ते बघावं लागतं. पाच मुलांपैकी एकच मुलगी मागे उरली होती. ती तुझा आणि माझा आनंद आहे, तिला देवाने असंच राहू द्यावं, असं ब्रॅडस्ट्रीट आधी लिहिते. त्यानंतर मध्ये दोनच ओळींचं धीराचं बोलणं. आणि मग शेवटची जोडओळ, की घाव कितीही खोल असोत, तुझ्या आणि माझ्या भल्याचं काय ते त्याला माहीत. दोन्ही ठिकाणी यमक तेच, फक्त शब्दांची जागा उलटलेली. एकीकडे ‘मी’ आधी आणि ‘असणं’ नंतर, दुसरीकडे ‘असणं’ आधी आणि ‘मी’ नंतर. तीन वर्षांची नात आणि देवाचं शहाणपण, दोन्ही एकाच यमकात. कविता तिथे थांबते, आणि सॅम्युएलचं जहाज अजून समुद्रातच आहे.